दुसऱ्या बेलची वाट

मुलीनं माझ्या कानांवर हेडफोन चढवले, पुढ्यात एक काळी डबी सरकवली आणि म्हणाली, "काका, दिवा दिसला किंवा आवाज आला की हे बटण दाबायचं. बस, एवढंच."

एवढंच! तीस वर्षं मी लाल बस चालवतो आहे. अमरावती ते अकोला, अकोला ते अमरावती, मधे कधी मोर्शी, कधी अंजनगाव, कधी चांदूर रेल्वे. म्हशी, उसळत जाणारे ट्रॅक्टर, उलट्या बाजूनं येणारे मोटारसायकलवाले, सगळ्यांना चुकवत इथवर आलो. विनाअपघात सेवेचा बिल्ला घरी कपाटात आहे. आणि आता ही कालची पोरगी मला बटण दाबायला शिकवत होती. मला हसूच आलं. मनात म्हटलं, दाबतो बेटा, तू फक्त वाजव.

नंतर ती स्क्रीनवरचे आकडे परत परत तपासायला लागली, तेव्हा मात्र माझं हसू थांबलं.

मी तिथं का गेलो ते आधी सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, हा ड्रायव्हर माणूस कॉलेजात काय करून राहिला. ही मुलगी अमरावतीच्या एका कॉलेजात मानसशास्त्रावर संशोधन करत होती. माणूस दिव्याला आणि आवाजाला किती पटकन प्रतिसाद देतो, त्यावरून त्याची आठवण मोजायची, असं काहीतरी. त्यासाठी तिला पन्नाशीच्या पुढचे ड्रायव्हर हवे होते. ती डेपोच्या कॅन्टीनमध्ये आली, सगळं नीट समजावून सांगितलं, आणि सगळ्यांत मोठ्यानं हसलो तो मी. "आमचं डोकं मोजाले आली का बेटा? मोजून झालं का आमालेही सांगजो, किती उरलं ते!" टेबलं बडवून सगळे खिदळले. पोरगी लाल झाली. तरी जाताना नोटीस बोर्डावर आपला नंबर लावून गेली.

त्यानंतर पंधरा दिवसांत मूर्तिजापूर झालं.

नवा चौपदरी रस्ता झाल्यापासून मूर्तिजापूर बाजूला पडलं आहे. सरळ पुलावर चढलं की अकोला, खाली वळलं की गाव आणि स्टँड. आमची साधी गाडी, तिला वळावंच लागतं. ते वळण मी किती वेळा घेतलं असेल, त्याला गणती नाही. त्या दुपारी माझ्यासोबत बदलीवर आलेला नवा कंडक्टर होता, मागे उभा राहून तिकिटाचं मशीन बडवत होता. ऊन होतं, रस्ता मोकळा होता, गाडी छान पळत होती. आणि मी सरळ पुलावर चढलो.

"ओ ड्रायव्हर! मूर्तिजापूर राहिलं ना मागं!" अर्धी गाडी ओरडली तेव्हा मी भानावर आलो. कडेवर लेकरू घेतलेली एक पोरगी रडवेली होऊन पुढे आली. "मामा, माह्या घरचे स्टँडवर उभे हायेत." मी दुभाजकाच्या पुढच्या कटवरून गाडी वळवली, परत आणली, तिथल्या सगळ्यांना स्टँडवर उतरवलं. वरून तोरा असा की, "मले वाटलं आज विनाथांबा हाय. डेपोतून कोणी नीट सांगतच नाही." लोकांनी शिव्या घातल्या, मी पण दोन परत घातल्या. प्रकरण तिथंच मिटलं.

पण खरं काय झालं ते मला एकट्याला माहीत होतं. विनाथांबा-बिनाथांबा काही नाही. त्या फाट्यापाशी आपण कुठं चाललो आहोत, तेच मला माहीत नव्हतं. अकोला की मोर्शी की आणखी कुठं, काहीच नाही. हात स्टेअरिंगवर, पाय जागेवर, डोळे रस्त्यावर, आणि डोक्यात रिकामं. किती वेळ तसं होतं तेही सांगता येणार नाही. मागं पन्नास माणसं बसलेली. मी घाबरलो. एवढा घाबरलो की बायकोजवळही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी नोटीस बोर्डावरचा तो नंबर, आजूबाजूला कोणी नाही असं बघून, उतरवून घेतला. मनाशी पक्कं केलं. डोकं ठीक निघालं तर निवृत्तीपर्यंतची तीन वर्षं छाती काढून गाडी चालवायची. ठीक नाही निघालं तर आपल्या हातानं स्टेअरिंग सोडायचं, कोणी येऊन काढून घ्यायची वाट बघायची नाही. मुलीनं फोनवर सांगितलं की निकाल डेपोला जात नाहीत, नावही कुठं येत नाही. ते मी तिच्याकडून तीनदा वदवून घेतलं.

तर असा मी त्या खोलीत बसलो होतो. आधी दिवे झाले. पडद्यावर लाल गोल उमटला की बटण दाबायचं. मग रंगीत गोल, एकामागून एक. दोन घरं मागं जो रंग होता तोच परत आला, तरच दाबायचं. "म्हणजे मागचे दोन मनात धरून ठेवायचे आणि नवा बघायचा," मुलगी म्हणाली. "याला वर्किंग मेमरी म्हणतात, काका. कामापुरती आठवण. प्रवासी कंडक्टरला गावाचं नाव सांगतो, ते तिकीट निघेपर्यंत धरायचं आणि मग सोडून द्यायचं, तशी." पोरीनं माझ्यासाठी बसमधला दाखला शोधून आणला होता. मला बरं वाटलं.

मग तेच सगळं आवाजांनी. आधी नुसती एक टिंग. टिंग आली की दाबा. मग तीन आवाज, जाड, मधला आणि बारीक. दोन घरं मागचा परत आला तर दाबा. मी मन लावून केलं. देवाशप्पथ सांगतो, परीक्षेला बसलेल्या पोरासारखं केलं.

"रंगांमध्ये तुम्ही फार छान आहात," ती शेवटी म्हणाली. "वेग तर अगदी तरुण माणसाचा."

"आन् आवाजात?"

"तेच मला कळत नाहीये. बहुतेकांचा हात आवाजाला लवकर उठतो, दिव्याला जरा उशिरा. तुमचं उलटं आहे, काका. बरंच उलटं. आणि आवाज लक्षात ठेवतानाही चुका झाल्यात."

"तुले कळत नाही?" मी भडकलो. "तू पीएच.डी. करून राहिली ना? मंग मले कोण सांगन, डेपोतला मेकॅनिक?"

ती रागावली नाही. म्हणाली, कान तपासून घ्या आणि पुढच्या आठवड्यात परत या. मी जिना उतरलो तो शंभर विचार घेऊन. डोळ्यांनी बघितलेलं धरता येतं आणि कानांनी ऐकलेलं सांडतं, असं डोकं असतं का कुठं? अर्धं चालू, अर्धं बंद?

कानाच्या डॉक्टरनं दोन्ही कानांत बत्ती घालून बघितली, मशीन लावलं, आणि म्हणाला, तुमचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत. माणूस अशा वेळी खूश होतो. मी रडकुंडीला आलो. कान बिघडले असते तर यंत्र लावून भागलं असतं. घरी आल्यावर बायकोला अर्धंमुर्धं सांगावंच लागलं. ती म्हणाली, "कान चांगले हायेत ना? मंग सकाळी सांगतलेलं दही कावून नाही आणलं?"

"विसरलो."

"लग्न झाल्यापासून विसरून राहिले तुमी. त्याले काय डॉक्टर पाहिजे?"

तिच्या बोलण्यानं धीर आला, पण दही विसरणं आणि आपण कुठं चाललो हे विसरणं एक आहे का, हे तिला कसं विचारू? मग मी आपली आपणच परीक्षा घ्यायला लागलो. कुकर गॅसवर असला की ओट्याजवळ चमचा घेऊन उभा राहायचो. शिट्टी झाली की ताटावर चमचा मारायचा. पण कुकर शिट्टीच्या आधी फुसफुसतो, आपल्याला तयार करतो, त्यामुळे त्यावरून काही कळेना. फोनची रिंग करून पाहिली. कधी हात लगेच उठायचा, कधी नाही. आणि रस्त्यावर तर मागच्याचा हॉर्न वाजला की मी बाजू द्यायचो, अगदी वेळेवर. मग हॉर्न ऐकणारा मी वेगळा आणि टिंग ऐकणारा मी वेगळा का? जितकं तपासावं तितका गुंता वाढत होता. बायकोनं शेवटी चमचा काढून घेतला. "ताटाले पोचे पडून राहिले," म्हणाली.

अखेर मी माझ्या कंडक्टरला सांगितलं. अंजनगाव सुर्जीकडची, चाळिशीची बाई. सात वर्षं एकाच ड्युटीवर आम्ही सोबत आहोत. मला भाऊ म्हणते, मी तिला ताई म्हणतो. डबा दोघांचा एकत्र उघडतो. मूर्तिजापूरची गोष्ट तिला दुसऱ्यांकडून कळलीच होती, पण तिनं माझ्यासमोर तो विषय काढला नव्हता. मी सगळं सांगितलं, दिवे, टिंग, कान, डॉक्टर. तिनं डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाली, "दुसऱ्या खेपेले मीबी येते तुमच्यासंग."

"तू काय करशीन तिथं?"

"पाहीन."

मुलीनं तिला कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसवलं. टिंगेचा आवाज या वेळी हेडफोनमध्ये न सोडता बाहेर सोडला, कारण मुलीलाही बघायचं होतं की हेडफोनमुळे काही होतं का. पहिली टिंग आली, मी दाबलं. दुसरी आली, दाबलं. पाच-सात झाल्या असतील. कोपऱ्यातून ताई एकदम हसायला लागली. तोंडावर पदर धरला तरी हसू थांबेना.

"अवो भाऊ, तुमी डबल बेलची वाट पाहून राहिले!"

मुलीला काही कळलं नाही. मलाही एक क्षण कळलं नाही. मग कळलं, आणि मी कपाळावर हात मारून घेतला. बसमध्ये बेलला दोनच शब्द येतात. चालत्या गाडीत एक बेल म्हणजे थांबव. आणि उभ्या गाडीत दोन बेल म्हणजे चल. उभ्या गाडीत एकच बेल आली तर ड्रायव्हर हलत नाही. कोणाचा पाय अजून पायरीवर असेल, कोणाची पिशवी अडकली असेल, कंडक्टरचा नुसता हात लागला असेल. दुसरी वाजेपर्यंत थांबायचं, ही आमच्या अंगात मुरलेली गोष्ट. आणि मी त्या खोलीत खुर्चीवर बसलो होतो. म्हणजे माझी गाडी उभी होती! टिंग वाजली की माझा कान दुसरीची वाट बघायचा, ती येत नाही असं झालं की मग हात उठायचा.

मुलीचे डोळे चमकले. तिनं लगेच खटपट करून टिंगा जोडीनं वाजतील असं केलं. टिंग-टिंग, दाब. टिंग-टिंग, दाब. माझा हात असा उडत होता की मलाच नवल वाटलं. "काका!" ती ओरडलीच. "किती फरक आहे बघा! तुमचा वेग एकदम उत्तम आहे." मग जरा ओशाळून म्हणाली की माझे आकडे तिला बाकीच्यांत मिसळता येणार नाहीत, वेगळे ठेवावे लागतील. मी म्हटलं, ठेव बाप्पा, फ्रेम करून ठेव.

तिनं जोडीच्या आवाजांवर आठवणीचा भागही परत घेतला. जाड-जाड, मधला-मधला, बारीक-बारीक. तो संपल्यावर ती म्हणाली, "काका, वेगाचं कोडं सुटलं. पण आवाज लक्षात ठेवण्यात अजून चुका आहेत. ते बेलमुळे असेल असं वाटत नाही. मी काही डॉक्टर नाही, यावरून निदान करता येत नाही, पण तुम्ही एकदा डॉक्टरांना…"

"ते सोड बेटा," मी म्हटलं. मी उठलोच होतो.

मला कॉलेजच्या आवारात नाचावंसं वाटत होतं. कोपऱ्यावरच्या गाड्यावर मी दोन प्लेट गिला वडा सांगितला. त्यावर दही, चटणी, सगळं. "मी म्हणत होतो ना, माह्या डोक्याले काही झालं नाही! तीस वर्षांची सवय हाय ते!" मी बोलतच सुटलो. माझी प्लेट संपली तरी ताईची तशीच.

"कावून? पोट बिघडलं का?"

"भाऊ, एक सांगू का? रागावू नोका."

"सांग ना."

"मागच्या दिवाळीपासून मी तुमाले बेल देऊन राहिली."

"कंडक्टर बेल नाही देईन तं काय भजन म्हणीन?"

"पाशिंजराची नाही, भाऊ. तुमची." ती प्लेटकडे बघत बोलत होती. "मूर्तिजापूरचा फाटा आला का एक बेल देते मी. बडनेरा आलं का देते. अकोल्यात स्टँडकडे वळाचं असलं का देते. एक-दोनदा तुमी वळाचं विसरत होते. मी बेल दिली तं वळले. मंग मी दरवेळेसच देत गेली. त्या दिवशी मी रजेवर होती."

मोठ्या स्टँडला बेल लागत नाही. ड्रायव्हरला ठाऊकच असतं. मला आठवलं, हिवाळ्यात एकदा मी तिच्यावर खेकसलो होतो, स्टँड काय मले दिसत नाही का, कशाले वाजवतं उगीचच्या उगीच? तेव्हा ती म्हणाली होती, हात लागला. आणि मी विश्वास ठेवला होता.

मला राग आला. खोटं कशाला सांगू, कृतज्ञता-बितज्ञता काही वाटली नाही, नुसता राग आला. "उपकार करून राहिली का माह्यावर? सात महिने? मले सांगाचं नव्हतं?" गाड्यावरचे लोक वळून बघायला लागले. मी प्लेट आपटली आणि निघून आलो.

दोन दिवस आमच्यात फक्त बेल होती. आणि ते दोन दिवस मी आयुष्यात कधी गोंधळलो नव्हतो इतका गोंधळलो. बेल वाजली की मला कळेना, ही कोणाची? उतरणाऱ्याची की माझी? लोणीला वाजली, कोणीतरी उतरलं, जीव भांड्यात पडला. मूर्तिजापूरच्या अलीकडे वाजली. मला फाटा आठवत होता की नव्हता? आठवत होता असं वाटत होतं. पण बेल ऐकल्यावर आठवलं की आधीच आठवत होतं, हे आता कोण सांगणार? मी आरशात तिच्याकडे बघायचो, ती खिडकीबाहेर बघायची. माझं मला काय येतं आणि तिचं काय, हेच वेगळं करता येईना. सात महिने गाडी नक्की कोण चालवत होतं?

तिसऱ्या दिवशी सकाळी अमरावतीच्या स्टँडवर मी तिला गाठलं. "ताई, आज अकोल्यापर्यंत माह्यासाठी एकही बेल द्याची नाही. पाशिंजराची दे. माही नाही."

"राहू द्या ना, भाऊ."

"नाही. आज माहा पेपर हाय. काय होईन ते होईन, अकोला येईपर्यंत तोंड उघडाचं नाही. तुले माही शपथ हाय."

बडनेरा घेतलं, बिनबेलीचं. मूर्तिजापूरचा फाटा दोन किलोमीटरवर असल्यापासून मी जपासारखा घोकत होतो, खाली वळायचं, खाली वळायचं. वळलो. स्टँडला गाडी लागली तेव्हा माझा शर्ट पाठीला चिकटला होता आणि मी गालातल्या गालात हसत होतो.

तिथं एक चाचा चढले. जुन्या वळणाचे, कापूस पिंजून गाद्या भरणारे पिंजारी असावेत, सोबत नव्या गादीचं भलं मोठं बंडल. मी स्वतः खाली उतरून बंडल चढवू लागलो, माझ्या मागच्या सीटजवळ बसवलं. "बोरगाव मंजू उतार देना, बेटा," ते म्हणाले. "आँख लग जाती मेरी."

ताई तिकीट फाडता फाडता थांबली. माझ्याकडे बघितलं. बोरगाव म्हणजे रस्त्यावरचा छोटा थांबा. उतरणारा असेल तर बेल, नाहीतर गाडी सरळ पुढे. मला जोर चढला होता. म्हटलं, "याचीही बेल देऊ नको. मी ध्यानात ठेवतो." आणि चाचांना म्हटलं, "चाचा, तुमी झोपा बिनधास्त. बोरगाव आलं का मी उठवतो."

"सलामत रहो," म्हणून चाचांनी बंडलाला टेकून डोळे मिटले.

पुढचा रस्ता मला चांगला आठवतो. काटेपूर्णेच्या पुलावर एक ट्रक बंद पडला होता, त्याला वळसा घातला. एका टेम्पोवाल्यानं कट मारला, त्याला शिवी घातली. ब्रेक वेळेवर, गिअर वेळेवर. अकोल्यात शिरताना गर्दी होती, तीही सफाईनं काढली. स्टँडकडे वळायचं होतं, वळलो. गाडी फलाटाला लावली, इंजिन बंद केलं आणि उडी मारूनच खाली उतरलो. मागच्या दारातून ताई उतरत होती.

"पाह्यलं का? एक तरी चुकलं? सांग ना, एक तरी?"

तिचे डोळे लाल झाले होते. तिनं नुसता हात वर करून माझ्या सीटच्या मागं दाखवलं.

खिडकीतून मला चाचा दिसले. बंडलावर मान टाकून, तोंड उघडं ठेवून गाढ झोपले होते.

मी किती वेळ खिडकीखाली उभा होतो, माहीत नाही. बोरगाव कधी गेलं, तेही मला माहीत नव्हतं. फाटे मी घोकून घोकून काढले होते. पण तासाभरापूर्वी एका माणसाला दिलेला शब्द कुठं सांडला, त्याचा आवाजही झाला नाही. मला कोणावर चिडायलाही जागा उरली नव्हती.

मी कंट्रोलरकडे गेलो. म्हटलं, परतीच्या फेरीला दुसरा ड्रायव्हर द्या. तो म्हणाला, काय झालं, बरं नाही का? मी म्हटलं, आजचंच नाही, साहेब. उद्यापासून मले स्टेअरिंग देऊ नका, अर्ज लिहून देतो. तो हसला, मग माझा चेहरा बघून थांबला. त्याच्याच टेबलावर वाकून मी चार ओळी लिहिल्या. सही करून कागद त्याच्यापुढे सरकवला.

बाहेर ताई पायरीवर बसली होती. "मी बेल द्याले पाहिजे होती," ती म्हणाली. "माही चूक हाय."

"तुही चूक नाही, ताई," मी म्हटलं. "तुह्यामुळं सात महिने लोक घरी पोचले." हे मी गिला वड्याच्या गाड्यावर म्हणायला पाहिजे होतं. ती रडायला लागली आणि मीही तिथंच, फलाटावर, लोकांदेखत रडलो.

परतीची फेरी सुटली तेव्हा मी चाचांच्या शेजारी प्रवासी म्हणून बसलो. चाचा जागे झाले होते, अकोला बघून आधी बावरले, मग मी सगळं सांगितल्यावर बंडल धरून बसून राहिले. नवा ड्रायव्हर गाडी जरा जोरात हाणत होता. बोरगावला गाडी थांबली. मी बंडल खांद्यावर घेऊन खाली उतरवलं, चाचांना हाताला धरून उतरवलं, माफी मागितली.

त्यांनी माझ्याकडे निरखून बघितलं. रागानं नाही. त्यांना खरंच समजत नव्हतं.

"मैं तो सोया था, बेटा," ते म्हणाले. "तुम तो जाग रहे थे ना?"

"हो, चाचा," मी म्हटलं. "मी जागा होतो."